इन्व्हर्टर ट्रिप मारतो तेव्हा: छतावर सौर यंत्रणा बसवणाऱ्यांना खुले पत्र

माझ्या व्यवसायातल्या बंधू-भगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात भर दुपारी एका तरुण सहकाऱ्याचा फोन आला. "ताई, साइटवरच उभा आहे. 5 किलोवॅटचा इन्व्हर्टर सकाळी अकरापासून ट्रिप मारतोय. स्क्रीनवर ग्रिड ओव्हर व्होल्टेज येतंय. गिऱ्हाईक तापलंय. सेटिंगमध्ये जाऊन वरची लिमिट 280 करून टाकू का? सगळे करतात."

नवख्यांसाठी सांगते: हा सौर इन्व्हर्टर पॅनेलची वीज घरात आणि वितरण कंपनीच्या जाळ्यात, म्हणजे ग्रिडमध्ये, चालेल अशी करून देतो; ग्रिडचे व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की तो आपणहून बंद पडतो, त्यालाच आपण ट्रिप मारणे म्हणतो. हे पत्र त्या मुलाच्या शेवटच्या दोन शब्दांमुळे लिहिते आहे. सगळे करतात हे मला ठाऊक आहे, कारण मीही केले आहे. चार वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांच्या बंगल्यावर मी ती लिमिट 275 वर नेली. पासवर्ड आपल्या सगळ्यांनाच माहीत असतो, काम दोन मिनिटांचे. सर खूश झाले, काकूंनी पोहे खाऊ घातले. पुढच्या मे महिन्यात त्यांचा फोन आला की फ्रिजचे कार्ड जळाले, आठवड्याने सेट-टॉप बॉक्स गेला. मी मीटर घेऊन गेले. दुपारी साडेबाराला त्यांच्या इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर 268 व्होल्ट होते आणि इन्व्हर्टर शांतपणे चालू होता. मीच त्याला तसे चालायला सांगितले होते. त्या दिवशी मी लिमिट पूर्ववत केली, फ्रिजच्या कार्डाचे पैसे दिले, आणि ही चूक कोणालाच सांगितली नाही. आज सांगते आहे.

तुम्हा सर्वांकडे माझे मागणे एकच आहे. इन्व्हर्टर ट्रिप मारत असेल तर त्याचे तोंड बंद करू नका. तो खरे बोलतो आहे. तो काय सांगतो ते मोजा.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने 2013 मध्ये विकेंद्रित वीजनिर्मिती ग्रिडला जोडण्याचे तांत्रिक नियम काढले, 2019 मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. आपल्यापैकी बहुतेकांनी ते वाचलेले नाहीत, इन्व्हर्टरच्या डब्यातला कागदसुद्धा आपण वाचत नाही. लहान यंत्रणांसाठी 2013 च्या नियमांनी घातलेली चौकट साधी आहे. व्होल्टेज ठरलेल्या पातळीच्या 110 टक्क्यांवर गेले किंवा 80 टक्क्यांखाली आले तर इन्व्हर्टरने 2 सेकंदांत ग्रिडपासून सुटायचे. फ्रिक्वेन्सी (विजेची सेकंदाला होणारी आवर्तने, आपल्याकडे 50) 50.5 हर्ट्झवर किंवा 47.5 खाली गेली तर 0.2 सेकंदांत. सप्लाय परत आला म्हणून लगेच उडी मारायची नाही, व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी निदान 60 सेकंद स्थिर दिसली पाहिजे. आणि ग्रिड गेल्यावर एकट्याने लाइन जिवंत ठेवायची नाही, 2 सेकंदांच्या आत बाहेर पडायचे.

110 टक्के म्हणजे किती? 230 धरले तर 253 व्होल्ट, 240 धरले तर 264. तुमच्या भागात कोणता आकडा धरायचा ते वितरण कंपनीच्या कार्यालयाला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावा. मात्र 275 आणि 280 कोणत्याच हिशेबात बसत नाहीत.

आता डीपीकडे, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरकडे बघू. आपल्याकडच्या डीपीच्या पाटीवर 11 केव्ही / 433 व्होल्ट लिहिलेले असते: 11,000 व्होल्ट आत, 433 बाहेर. 433 ला तीनच्या वर्गमुळाने भागले की फेज आणि न्यूट्रलमधले व्होल्टेज निघते: 250. म्हणजे लोड हलका असताना डीपीच्या पायथ्याशीच 250 व्होल्ट मिळू शकतात. हा आकडा मुद्दाम असा ठेवलेला आहे. वीज डीपीकडून घराकडे जाताना तारेत थोडी पडते, शेवटच्या घराला निदान 220 मिळावेत म्हणून सुरुवात वरून केली. ही सगळी रचना वीज एकाच दिशेने वाहते असे गृहीत धरून झालेली आहे. आपण येऊन ती दिशा उलटवली. दुपारी पॅनेल जोरात, माणसे कामावर, पंखेसुद्धा बंद. वीज घराकडून डीपीकडे निघते. उलट निघाली की तारेतली घट ही घट राहत नाही, ती चढ होते. डीपीला 250 असतील तर गल्लीच्या टोकाचा इन्व्हर्टर वीज बाहेर ढकलण्यासाठी स्वतःकडे त्याहून जास्त व्होल्टेज ठेवणारच. 253 ची मर्यादा असेल तर हातात फक्त 3 व्होल्ट उरतात.

या 3 व्होल्टांतले किती आपल्याच वायरीने खाल्ले, हा प्रश्न साइटवर फारच थोडे जण विचारतात.

फोन करणाऱ्या त्या मुलाला मी हेच विचारले. इन्व्हर्टर गच्चीवर, मीटर खाली फाटकाजवळ, वायर 4 चौरस मिलिमीटर तांब्याची, लांबी साधारण 40 मीटर. फोनवरच हिशेब मांडला. 5 किलोवॅट म्हणजे जवळपास 22 अँपियर. जाऊन-येऊन 80 मीटर तार. 4 स्क्वेअरच्या तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण 4.6 ओहम, म्हणजे 80 मीटरला 0.37. गुणिले 22, झाले 8 व्होल्ट. मीटरपाशी 250 असले तरी इन्व्हर्टरला 258 दिसणार. आता तीच वायर 10 स्क्वेअरची घातली तर रोध किलोमीटरला 1.83, चढ होते जेमतेम 3 व्होल्ट. म्हणजे 5 व्होल्ट त्याने स्वतःच्या हाताने घातलेल्या वायरीत होते. करंटच्या तक्त्यात 4 स्क्वेअर 22 अँपियरला चालते, म्हणून त्याने ती घातली. वायर तापत नव्हती, त्यामुळे त्याला ती बरोबर वाटली. पण सौर यंत्रणेची एसी वायर (इन्व्हर्टर ते मीटर) तापण्यावरून निवडायची नसते, व्होल्टेजच्या चढावरून निवडायची असते. हे आपल्याला कोणी शिकवले नाही. आयटीआयमध्येही नाही, डिप्लोमातही नाही. मला तरी नाही.

त्याने वायर बदलली. खर्च कोणी करायचा यावर गिऱ्हाइकाशी थोडी वादावादी झाली, शेवटी निम्मा-निम्मा केला. तरीही रविवारी दुपारी इन्व्हर्टर दोनदा पडलाच. मग तो पुढच्या पायरीवर गेला, तीबद्दल खाली लिहिते. त्याआधी घरची एक गोष्ट सांगायची आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, आयुष्यभर लाइनमन होते. मी शाळेत होते तेव्हाचा एक पावसाळा. आमच्या गावात बाजारपेठेच्या गल्लीतला झंपर (खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा) तुटला होता. डीपी बंद केली, किटकॅट (फ्यूज) काढून खिशात घातले, आणि अण्णांचा जोडीदार खांबावर चढला. लाइन मेलेली आहे अशी सगळ्यांची खात्री. तेवढ्यात एका दुकानदाराने जनरेटर सुरू केला. चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाइन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) नव्हता, दुकानाच्या वायरिंगमध्येच दोन वायरी खुपसलेल्या. लहान जनरेटर एरवी गल्लीभरच्या लोडखाली जागच्या जागी बसतो, पण झंपर तुटल्यामुळे तो तुकडा गल्लीपासून वेगळा पडला होता, लोड दोन-चार घरांचा. जनरेटर बसला नाही. जोडीदार खांबावरून फेकला गेला. वाचला, पण उजव्या हाताची दोन बोटे गेली. त्यानंतर अण्णा प्रत्येक कामावर, परमिट हातात असले तरी, आधी शॉर्ट करून अर्थिंग लावल्याशिवाय तारेला हात लावत नसत. जेवताना कधी विषय निघाला की ते म्हणत, "रिटर्न सप्लायला चेहरा नसतो."

डीपी दोन्ही बाजूंनी चालते हे आपण लोकांना सांगत नाही. लघुदाबाच्या, म्हणजे घरांच्या बाजूने एका फेजवर वीज घुसली तर ती 11 केव्हीच्या बाजूला साधारण 44 पट (11,000 भागिले 250) होऊन निघते. एका घराचे 230 व्होल्ट पलीकडे दहा हजारांच्या घरात जाऊ शकतात.

मी छतावर पहिला इन्व्हर्टर बसवला तेव्हा अण्णांनी एकच प्रश्न केला: "लाइन गेल्यावर हे बंद होतं का?" मी त्यांना पॅनेल चालू ठेवून मेन पाडून दाखवली. दिवा लगेच लाल झाला. त्यांनी पुन्हा पाडायला लावली. मग तिसऱ्यांदा. प्रत्येक वेळी टेस्टर लावून स्वतः बघितले.

इन्व्हर्टर हे कसे करतो ते समजून घेण्यासारखे आहे. ग्रिड गेली की व्होल्टेज कोसळते आणि तो सुटतो, हा सोपा भाग. अवघड भाग असा, की गल्लीतला लोड आणि गल्लीतले सौर उत्पादन योगायोगाने जुळले तर ग्रिड गेल्यावरही व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी जागच्या जागी राहू शकतात. यालाच आयलंडिंग म्हणतात, वस्तीचे स्वतःपुरते बेट. म्हणून चांगला इन्व्हर्टर सतत फ्रिक्वेन्सीला हळूच ढोसून बघतो. मागे ग्रिड असेल तर ती जागची हलत नाही. ग्रिड नसेल तर फ्रिक्वेन्सी सरकत जाते, ठरलेली मर्यादा ओलांडते आणि इन्व्हर्टर सुटतो. आयएस 16169 या भारतीय मानकातली चाचणी नेमकी याचीच आहे: मुद्दाम जुळवलेला लोड लावून, सगळ्यांत वाईट परिस्थिती तयार करून, तो 2 सेकंदांत सुटतो का ते बघतात.

यातली मेख अशी: तो सुटतो ते मर्यादा ओलांडली जाते म्हणून. आपण मर्यादाच दूर नेऊन ठेवली तर ढोसण्याचा उपयोग काय? चाचणीचे प्रमाणपत्र कारखान्याच्या सेटिंगला मिळालेले असते. आपण गच्चीवर बसून जे सेटिंग केले, त्याची चाचणी जगात कोणीच केलेली नाही. व्होल्टेजची खिडकी रुंद केली की गिऱ्हाइकाचा फ्रिज जातो. फ्रिक्वेन्सीची खिडकी रुंद केली की कोणाचे तरी अण्णा खांबावर असतात.

फ्रिक्वेन्सीबद्दल आपल्यापैकी काहींना वाटते की ते मोठ्या वीज केंद्रांचे काम, आपल्या 3 किलोवॅटने काय होणार. जर्मनीत अगदी हेच वाटले होते. तिथल्या जुन्या नियमानुसार छतावरचे सगळे इन्व्हर्टर 50.2 हर्ट्झला एकदम सुटायचे. सुरुवातीला छते थोडी होती, कोणाला काही वाटले नाही. नंतर ती लाखांत गेली आणि लक्षात आले की एखाद्या भर दुपारी फ्रिक्वेन्सी 50.2 ला टेकली तर हजारो मेगावॅट एका क्षणात नाहीसे होतील, तेही युरोपने अशा प्रसंगासाठी हाताशी ठेवलेल्या 3,000 मेगावॅटहून कितीतरी जास्त. 2012 मध्ये त्यांना कायदा करून तीन लाखांहून अधिक यंत्रणांची सेटिंग बदलावी लागली. प्रत्येक साइटवर पुन्हा माणूस पाठवून. आपल्यासारखाच एक माणूस, बॅग खांद्याला, शिडी लावून.

50.2 ही काही कागदावरची संख्या नाही. 5 एप्रिल 2020 ला रात्री 9 वाजता देशभर 9 मिनिटे दिवे बंद केले होते ते आठवते ना? तेव्हा देशाची मागणी काही मिनिटांत 31,000 मेगावॅटने घसरली. जलविद्युत केंद्रांनी फार सुंदर सांभाळले, तरी फ्रिक्वेन्सी 50.26 पर्यंत चढून आली. रात्र होती, सौर शून्य होते. पण मेन्यूत भारताऐवजी जुन्या युरोपीय नियमांचा कोड निवडलेला इन्व्हर्टर दिवसा अशा प्रसंगी 50.2 लाच सुटला असता. आणि असे कोड निवडलेले इन्व्हर्टर मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत, एका आठवड्यात तीन. बसवणाऱ्याने नेक्स्ट, नेक्स्ट करत पहिला पर्याय दाबला होता.

काम आता फार वाढले आहे, त्यामुळे चुकाही त्याच वेगाने वाढतात. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, एक कोटी घरांचे लक्ष्य, 3 किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान. त्याच महिन्यात ग्राहक हक्कांचे नियम बदलले: 10 किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेची पाहणी न करताच मंजुरी मिळाली असे समजायचे. मला हा बदल मनापासून पटतो. पूर्वी त्या पाहणीसाठी लोकांच्या चकरा मी पाहिल्या आहेत. पण त्याचा दुसरा अर्थ आपण ध्यानात घ्यायला हवा. त्या गल्लीचे व्होल्टेज आधी कोणीही मोजलेले नसते. पहिला मीटर लावणारे आपण, आणि बहुतेक वेळा शेवटचेही आपणच.

त्याच नियमांत आपल्या उपयोगाची एक गोष्ट आहे, जी मी ज्याला-त्याला सांगत असते. 5 किलोवॅटपर्यंतच्या यंत्रणेसाठी वितरणाचे जाळे सक्षम करावे लागले तर तो खर्च वितरण कंपनीने करायचा आहे. गिऱ्हाइकाने नाही, आपण नाही. मग आपण कोपऱ्यात उभे राहून चोरून सेटिंग का बदलायची? अर्ज करायचा.

त्या मुलाने अर्ज केला. आम्ही दोघांनी मिळून तो लिहिला. तक्रारीचा सूर नको, फक्त आकडे: सात दिवस, सकाळी 9 ते दुपारी 4, दर अर्ध्या तासाला मीटरपाशी मोजलेले व्होल्टेज, आणि इन्व्हर्टर बंद ठेवून घेतलेले तेवढेच आकडे. हा दुसरा रकाना फार महत्त्वाचा. इन्व्हर्टर बंद असतानाही 251 दिसत असतील तर दोष तुमच्या यंत्रणेचा नाही, हे त्या कागदावर कोणी न सांगता दिसते. पहिल्या खेपेला टेबलावरच्या माणसाने अर्ज बाजूला ठेवला. दुसऱ्या खेपेला तो अभियंत्यांच्या हातात पडला. त्यांनी आकडे वाचले, खुर्ची पुढे ओढली आणि विचारले, "शेजारी अजून किती जणांची सोलर आहे?" सहा घरे होती. सहापैकी पाच एकाच फेजवर, म्हणजे डीपीतून येणाऱ्या तीनपैकी एकाच तारेवर होती! ज्या वायरमनने सर्व्हिस जोडल्या त्याला खांबावर जी फेज हाताशी आली ती त्याने घेतली होती. दोन घरे दुसऱ्या फेजवर, एक तिसऱ्या फेजवर हलवले. एका सकाळचे काम. त्या रविवारी इन्व्हर्टर दिवसभर चालला आणि दुपारचे सर्वांत जास्त व्होल्टेज 249 होते. ज्या डीपीला टॅप (व्होल्टेज पायरीने कमी-जास्त करायची सोय) असतो तिथे टॅप एक पायरी खाली घेऊनही काम होते, पण रात्री गल्लीच्या टोकाला व्होल्टेज पडणार नाही ना ते बघून, आणि तो निर्णय त्यांचा.

हायब्रिड (बॅटरीही जोडता येते असे) इन्व्हर्टर आणि बॅटरीबद्दल थोडेच लिहिते, कारण त्यावर वेगळे पत्र लागेल. ग्रिड गेल्यावर घरातले दिवे चालू राहतात, म्हणून गिऱ्हाईक खूश असते. ते चालू राहिले पाहिजेत बॅकअपच्या वेगळ्या आउटपुटवरच. बॅकअपचे आउटपुट परत मेन बोर्डाच्या बसबारला जोडलेले मी पाहिले आहे, "सगळं घर चालावं म्हणून". कृपा करून हे कधीही, कोणाच्याही आग्रहाने करू नका. न्यूट्रलसुद्धा वेगळा ठेवा.

आणि मीटरजवळचा तो हाताने चालवायचा आयसोलेटर, म्हणजे यंत्रणा लाइनपासून तोडायचा स्विच. बाहेरून दिसेल असा, उघडा की बंद ते डोळ्यांना कळेल असा, उघड्या स्थितीत कुलूप घालता येईल असा, लाइनमनला कोणाचे दार न ठोठावता गाठता येईल असा. त्यात 600-700 रुपये वाचवण्यासाठी आपण एमसीबी लावून मोकळे होतो. अण्णा आजही कोणाच्या घरी गेले की आधी तो शोधतात. सापडला नाही तर चहाला हो म्हणत नाहीत.

मला माहीत आहे की तुमच्यावर दडपण कसले असते. योजनेत पाच वर्षे देखभाल आपल्याच गळ्यात आहे. ट्रिप म्हणजे फेरी, फेरी म्हणजे पेट्रोल आणि एक माणूस दिवसभर अडकला. स्पर्धेत दर इतके खाली आले आहेत की 4 ऐवजी 10 स्क्वेअर घातली तर कोटेशन हातचे जाते. गिऱ्हाइकाला वायरीची जाडी दिसत नाही, पॅनेलचा ब्रँड दिसतो. म्हणून हे काम एकट्या-दुकट्याने होणार नाही. आपण सगळ्यांनी कोटेशनमध्ये एक ओळ घालायला सुरुवात केली, "इन्व्हर्टर ते मीटर व्होल्टेजची चढ 1 टक्क्याच्या आत", तर गिऱ्हाईक ती ओळ नसलेल्या कोटेशनवर प्रश्न विचारायला लागेल. 230 चा 1 टक्का म्हणजे 2.3 व्होल्ट. वरच्या त्या साइटला 10 स्क्वेअरही पुरले नसते, इन्व्हर्टर गच्चीवरून खाली मीटरजवळ आणावा लागला असता. डीसी वायर (पॅनेल ते इन्व्हर्टर) लांब आणि एसी आखूड, हे बहुतेक घरांत जमते.

दुसरे, यंत्रणा सुरू करून देताना इन्व्हर्टरच्या ग्रिड सेटिंगच्या स्क्रीनचा फोटो काढा: कंट्री कोड, व्होल्टेजच्या दोन्ही मर्यादा, फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही मर्यादा, परत जोडण्याची वेळ. त्याची प्रिंट गिऱ्हाइकाच्या फाइलला लावा, त्यावर आपली सही आणि तारीख. पुढे कोणी आत शिरून आकडे बदलले तर निदान कळेल तरी.

तिसरे, जुन्या साइट. माझ्या स्वतःच्या यादीत 2021 च्या आधीच्या 38 साइट आहेत, ज्यांची सेटिंग मी आठवणीच्या भरवशावर ठेवली होती. दिवाळीनंतर दर शनिवारी दोन अशा मी त्या तपासते आहे. आतापर्यंत 14 झाल्या. दोन ठिकाणी वरची मर्यादा बदललेली होती, त्यातल्या एका ठिकाणी अक्षर माझ्याच मुलाचे होते, म्हणजे माझ्याकडे शिकलेल्या कामगाराचे. त्याने इमानदारीने इन्व्हर्टरवर खडूने "270 केले" असे लिहून ठेवले होते. तो मला जे करताना बघत होता तेच त्याने केले.

तुमच्याकडे व्होल्टेज नोंदवायचे यंत्र नसेल तर माझ्याकडे एक जास्तीचे आहे, आठवड्याच्या बोलीवर घेऊन जा. अर्जाचा नमुनाही देईन. पुढच्या शनिवारी मी नदीपलीकडच्या वसाहतीत आहे, तिथे एका गल्लीत अकरा घरांवर सौर आहे आणि चार वेगवेगळ्या जणांनी ती बसवली आहेत. त्या चौघांपैकी कोणी हे वाचत असेल तर सकाळी दहाला या. अकराही इन्व्हर्टर एकाच दिवशी बघून टाकू. अण्णाही येणार आहेत.

आपली,
तुमच्यातलीच एक